आहे तसंच राहू दे

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. देवराईचं पुढे काय व्हावं हे लोकांना विचारायचं, तर तक्ते दाखवतात: झाडं किती राखायची, रस्ता कुठून न्यायचा, घरटी वर्षाला किती रुपये द्यायचे. दोन रकान्यांत आकडे वेगवेगळे. तिसऱ्यात फक्त ‘आहे तसंच राहू दे’. मग या उत्तरांवरून गावाचं आणि शहराचं मॉडेल वेगळं बसवून गुणांक शेजारी ठेवतात. झाडांचा गुणांक शहरात दुप्पट दिसला की कुणीतरी म्हणतंच, गावाला रानाची तेवढी कदर नाही.

हा जिवंत माणसांवर अन्याय आहे. त्या गुणांकात दोन गोष्टींचा गुणाकार असतो: ओढ किती आणि उत्तरं किती ठाम. तक्ते वाचायची सवय नसेल, उन्हात उभ्याउभ्या उत्तरं दिली असतील, तर उत्तरं विखुरतात आणि सगळेच गुणांक आक्रसतात. म्हणून 1993 मध्ये स्वेट आणि लुव्हिएर यांनी मांडलेली कसोटी मला मोलाची वाटते. आधी दोन्ही गटांचा विखुरलेपणा वेगळा असू शकतो हे मान्य करायचं, मगच पसंती एक आहे का ते तपासायचं. एक नाही असं निघालं, तर विखुरलेपणाबद्दल पुढे काही बोलायचं नाही. समोरचा चाचरला म्हणून त्याला आस्था नाही, असं म्हणायची मुभा ही कसोटी देत नाही.

दुसरी वाट म्हणजे बाकीचे गुणांक पैशाच्या गुणांकाने भागायचे. विखुरलेपणा छेदला जातो, हाती रुपये उरतात. पण एखादी आजी प्रत्येक तक्त्यावर तिसऱ्याच रकान्यावर बोट ठेवते. “देवाचं रान ते, बाई. त्याचे पैसे कुणी कुणाला द्यायचे?” आता भागायचं कशाने? रान राखणं ही तिची आवड नाही, तिच्यावरचं देणं आहे. श्रद्धेला पसंती समजून मोजता येतं, असं मला वाटत नाही. पुष्कळदा अशी उत्तरं ‘निषेधाची’ म्हणून वगळतात आणि मग कसोटी सांगते, गटांत फरक नाही. फरक ज्यांच्यात होता, ते आधीच बाहेर गेलेले असतात.

ओडिशात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न 12 ग्रामसभांपुढे गेला. डोंगरिया कोंधांसाठी तो डोंगर म्हणजे नियमराजा. बाराही सभांनी नकार दिला. तिथे तो नकार निर्णय म्हणून मोजला गेला.

म्हणून विद्यार्थ्यांकडून मी दोन्ही हिशेब मागते, ‘निषेधाची’ उत्तरं वगळून आणि न वगळता. किती जणांना, त्यांच्या कोणत्या शब्दांवरून वगळलं, हेही मुख्य तक्त्यातच हवं. परिशिष्टात चालणार नाही.