गेरूवरचा पांढरा आणि ‘फसणारं’ यंत्र

‘ज्या चित्रानं माणसाचा डोळा फसतो, त्याच चित्रानं एआयही फसतं, म्हणजे यंत्र आता आपल्यासारखं पाहू लागलं.’ विज्ञानाच्या चकचकीत व्हिडिओंतून हे विधान हल्ली सर्रास ऐकू येतं. त्यात दोन घोटाळे आहेत. डोळा फसतो हे गृहीत धरणं हा पहिला. उत्तर सारखं आलं म्हणजे रीतही सारखीच असणार, हा दुसरा. पहिला जुना आणि तसा निरुपद्रवी आहे. दुसरा मात्र संशोधनाचा अर्थच उलटा करतो.

पहिल्याचा निकाल डहाणू-तळासरीकडच्या जुन्या वारली घरात लागतो. कारवीच्या कुडाला शेणमातीचं लिंपण, त्यावर गेरू, आणि गेरूवर तांदळाच्या पिठानं सवासिणींनी लिहिलेला लग्नाचा चौक. उजेड येतो तो बहुतेक दारातूनच. दुपारी अंगणात लाखभर लक्स प्रकाश असतो, आत शंभरही मुश्किलीनं. अंगणातल्या गेरूच्या भिंतीनं अंगावर पडलेल्या उजेडाचा दहावा हिस्साच परतवला असं धरलं, तरी तिच्याकडून डोळ्यात येणारा प्रकाश आतल्या पांढऱ्या रेघेच्या शंभरपट भरतो. पण म्हणून बाहेरचा गेरू कुणाला पांढरा दिसत नाही, की चौकाची रेघ काळी. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची चित्रं कागदावरून देशोदेशीच्या दालनांत गेली, तिथल्या दिव्यांखालीही पांढरा पांढराच राहिला. डोळ्यानं प्रकाशाचं माप जसंच्या तसं मानलं असतं, तर तो खरा फसला असता.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं हे एकोणिसाव्या शतकातच ओळखलं होतं: डोळा प्रकाश मोजत नाही, वस्तूविषयी नकळत अनुमान बांधतो. त्याच्याच काळातल्या हेरिंग या शास्त्रज्ञाला ही अनुमानाची भाषा रुचली नाही. शेजारशेजारच्या पेशी एकमेकींवर परिणाम करतात, तेवढ्यानं भागतं, असं त्याचं म्हणणं. त्या काळापासूनचा प्रवास मोठा आहे: उजेड-अंधाराच्या सीमेवर भासणारे माखचे पट्टे, हॉर्सशू खेकड्याच्या डोळ्यावर काम करून १९६७ साली नोबेल मिळवणारा हार्टलाइन, लँडचा रेटिनेक्स हा रंगदृष्टीचा सिद्धांत, अ‍ॅडेलसनचा सावलीतला बुद्धिबळाचा पट. एवढ्या वाटचालीतही हेल्महोल्ट्झ-हेरिंग वाद मिटला नाही.

खरं वळण आलं २००७ साली, आणि नेमकं तेच चुकीचं वाचलं जातं. डेव्हिड कॉर्नी आणि ब्यू लोटो या संशोधकांनी आपल्या निबंधात डोळ्याची प्रतिकृती केलीच नाही. संगणकात एक कृत्रिम जग रचलं: एकमेकांवर पडलेल्या पानांसारखे पृष्ठभाग, कुठे जास्त, कुठे कमी उजेड. न्यूरल नेटवर्कला एवढंच शिकवलं की समोरचा पृष्ठभाग मुळात किती प्रकाश परतवणारा आहे, ते ओळख. दृष्टिभ्रमाचं चित्र शिकवणीत नव्हतंच. तरी शिकून झाल्यावर माणसाला दिसणारे भ्रम त्यालाही ‘दिसले’. एकच करडा रंग काळ्या पार्श्वभूमीवर त्याला उजळ ठरला, पांढऱ्यावर मंद.

याहून बोलका तपशील पुढे आहे, आणि तो व्हिडिओवाले सोडून देतात. व्हाइटचा दृष्टिभ्रम म्हणून एक प्रकार आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत एकाच करड्याचे तुकडे बसवले, तर ज्यांच्या कडांना पांढरं जास्त भिडलंय तेच उजळ दिसतात. म्हणजे शेजाऱ्यांच्या साध्या विरोधानं व्हायला हवं त्याच्या उलट. सपाट जगात वाढलेल्या नेटवर्कमध्ये हा भ्रम उपजलाच नाही. जगाला खोली दिल्यावरच उपजला. भ्रम असा त्या जगाच्या घडणीतून येतो. मी कॉर्नी-लोटोंच्या निबंधाला महत्त्व देतो ते एवढ्यासाठीच. डोळ्याच्या आतली यंत्रणा उलगडल्याचा पुरावा तो नव्हेच. डोळ्यापुढचं कोडं किती अवघड आहे, आणि ते सोडवू पाहणाऱ्या कुणाच्याही वाट्याला या ‘चुका’ कशा येतात, ते तो दाखवतो.

‘नेटवर्क शिकून भ्रम पावलं, म्हणजे आपणही बाळपणी पाहून-पाहून भ्रम शिकलो’ हेही म्हणूनच ओढूनताणून काढलेलं अनुमान. त्याला छेद दिला संशोधक पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या प्रकल्पानं. जन्मापासून मोतिबिंदू असलेल्या भारतातल्या मुलांना शस्त्रक्रियेनंतर दृष्टी आली, तेव्हा काळ्या-पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या करड्याचा हा भ्रम त्यांना लगोलग झाला. शिकायला त्यांना अवधीच मिळालेला नव्हता. या प्रकल्पाच्या २०२०च्या निबंधानुसार हा परिणाम दोन्ही डोळ्यांची चित्रं एकत्र येण्याआधीच घडतो. हेरिंग खुश होईल. पण हेल्महोल्ट्झही हरत नाही: कोडं तेच राहतं, सोडवणूक मात्र मुलाच्या आयुष्यात न होता जातीच्या उत्क्रांतीत झालेली असू शकते. कॉर्नी-लोटोंच्या ‘अनुभव’ या शब्दात दोन्ही मावतात. नेटवर्क यांतलं एक निवडून देत नाही.

उत्तर जुळलं म्हणून पाहणं जुळलं, हे तर त्याहून कच्चं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या एस. पी. अरुण यांच्या गटानं २०२१ मध्ये डीप नेटवर्क आणि माणूस यांची तुलना केली. काही दृक्‌परिणाम दोघांत सारखे निघाले. पण वस्तूची त्रिमितीय घडण, एकीआड दडलेली दुसरी वस्तू, पृष्ठभाग आणि आकार वेगळे काढणं, यांत नेटवर्क माणसासारखं वागलं नाही. २०१९ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांना तर चित्रातला धुरकटपणा घालवायला शिकवलेल्या नेटवर्कमध्येही उजळपणाचे भ्रम सापडले. म्हणजे भ्रम हा स्वस्तात मिळणारा पुरावा आहे, आणि स्वस्त पुराव्यावर मोठा दावा उभा राहत नाही.

नेटवर्कला प्रश्न विचारायचाच तर जग बदलून विचारावा. एकाला उघड्या आभाळाखालचा उजेड द्यावा, दुसऱ्याला एकाच दारातून शिरून आत विरत जाणारा. दोघांचे भ्रम वेगळे निघाले, तर ते उजेडाच्या मांडणीतून येतात असं म्हणता येईल. सारखेच निघाले, तर संशय नेटवर्कच्या जोडणीवर घ्यावा लागेल, आणि मग हेरिंगचं म्हणणं पुन्हा नीट ऐकावं लागेल.