स्थपतीचा अधिकार

गीतेने तिसऱ्या आणि पुन्हा अठराव्या अध्यायात, उत्तम रीतीने आचरलेल्या परधर्मापेक्षा उणा असला तरी स्वधर्मच श्रेयस्कर ठरविला आहे. तेथे स्वधर्म वर्णाशी बांधलेला आहे. आजचा वाचक मात्र त्याचा अर्थ ‘स्वतःच्या प्रकृतीला मानवणारे कर्म’ असा लावतो, आणि वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या पदवीसाठी आपल्याजोगे महाविद्यालय शोधणारा विद्यार्थी नकळत हाच अर्थ गृहीत धरत असतो. या गृहीतकात एक अडचण आहे. जी प्रकृती जुळवून पाहायची, ती प्रवेशाच्या वेळी, वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी, पुरती घडलेली तरी असते काय?

वेदान्तात विद्येला लागण्याच्या पात्रतेस ‘अधिकार’ म्हणतात. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्याच सूत्रातील ‘अथ’ या शब्दाचा अर्थ शंकराचार्य आपल्या भाष्यात ‘साधनचतुष्टय संपादन केल्यानंतर’ असा करतात. म्हणजे विवेक, वैराग्य, शमादी सहा गुण आणि मुमुक्षुत्व हे अभ्यासाआधीच हवेत. (त्याच भाष्यात पुढे शूद्राला वेदाध्ययनमूलक अधिकार नाकारला आहे, हे नजरेआड करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.)

अकराव्या शतकातील राजा भोजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या वास्तुग्रंथाची भूमिका येथे अधिक उपयोगी वाटते. स्थपतीला, म्हणजे बांधकामाच्या प्रमुखाला, शास्त्र, कर्म, प्रज्ञा आणि शील अशी चार अंगे हवीत असे तो सांगतो, आणि नुसते शास्त्र जाणणारा प्रत्यक्ष कामाच्या वेळी रणांगणावरील भित्र्यासारखा गोंधळतो असेही बजावतो. यांपैकी कर्म आणि शील ही अंगे सरावाशिवाय येत नाहीत. ‘नाटा’ या वास्तुकलेच्या प्रवेशपरीक्षेत रेखाटन आणि तर्कशक्ती यांचा कस लागतो, शीलाचा लागत नाही, आणि लागावा अशी अपेक्षाही गैर ठरेल. त्यामुळे ‘हे मला मानवेल काय’ यापेक्षा ‘येथे कोणते अंग घडविले जाते’ हा प्रश्न अधिक सयुक्तिक ठरतो. उदाहरणार्थ, पुण्यात जन्मलेले वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांनी मुंबईच्या जे. जे. वास्तुकला महाविद्यालयात शिकून, पॅरिसला वास्तुकार ल कॉर्बुझिएच्या कार्यालयात काम करून, 1962 साली अहमदाबादेत वास्तुकला विद्यालय उभे केले. विटांच्या समांतर भिंती आणि उत्तरेचा उजेड घेणारे स्टुडिओ असलेली त्या विद्यालयाची इमारत विद्यार्थ्याला रोज डोळ्यांसमोर दिसणारा पाठच होती. महाविद्यालय निवडताना शुल्क, वसतिगृह, शहर या बाबीही खऱ्या आहेत, पण त्यांचा हिशेब सरळ आहे.

ज्युरीच्या दिवशी, म्हणजे परीक्षकांपुढे आराखडा मांडण्याच्या दिवशी, रात्रभर जागून सनबोर्डाचे मॉडेल कापलेला विद्यार्थी भिंतीवर शीट लावून उभा राहतो, आणि परीक्षक एवढेच विचारतो, की या चौकात पडलेले पावसाचे पाणी जाणार कोठे. ज्याने त्या पाण्याची वाट काढलीच नव्हती, तो त्या क्षणी गप्प होतो. मग बटर पेपर पुन्हा आराखड्यावर पसरून उताराची रेघ ओढायला बसतो की गप्पच राहतो, यावर त्याचा अधिकार ठरू लागतो.