रेषा दुसऱ्याची, रंग आपला

आयती काढलेली चित्रे रंगविण्यात प्रौढ, संसारी मनुष्याने रमावे, हे त्यास शोभते काय? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु मनुष्य फावल्या वेळी कशाकडे वळतो, यावरून त्याच्या मनाची ओढ कळते. म्हणून त्याचा विचार करणे अस्थानी होणार नाही.

प्रौढांसाठी अशी पुस्तके आता मुद्दाम काढली जातात. स्कॉटलंडच्या चित्रकर्त्री जोहाना बॅसफर्ड यांचे पाना-फुलांच्या रेखाचित्रांचे पुस्तक २०१३ साली निघाले आणि त्याच्या लक्षावधी प्रती देशोदेशी खपल्या. हे लोण आपल्याकडेही आले आहे. कल्पना करावी की, जबलपूरच्या कांचघर वस्तीत एक मराठी गृहस्थ राहतात. कारखान्यातील नोकरीतून ते निवृत्त झाले आहेत. घरी वृद्ध आई अंथरुणाला खिळलेली आहे. तिची सारी सेवा त्यांच्याकडे आहे. नातीने अर्धवट टाकलेले चित्रांचे पुस्तक एका रात्री त्यांच्या हाती लागले, आणि तेव्हापासून आई निजली की ते घटकाभर रंगीत पेन्सिली घेऊन बसतात. मुलगा हसून म्हणतो, “बाबा, हा काय पोरखेळ!” तेव्हा ते ओशाळून पुस्तक उशीखाली सारतात.

त्यांनी ओशाळावे असे यात काही आहे काय? पहिला आक्षेप असा की, रेषा दुसऱ्याने आखलेली. मग यात स्वतःचे असे काय उरले? पण आखून दिलेल्या मर्यादेत काम करणे ही हलकी गोष्ट नव्हे. ठिपक्यांच्या रांगोळीचे नमुने आईकडून लेकीकडे येतात. तरी दोघींची रांगोळी एकसारखी उठत नाही. याच जबलपूरचे चित्रकार ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीतील उद्देशिकेचे पान सजविले. त्यातील शब्द संविधानसभेचे, सुलेखन प्रेमबिहारी नारायण रायजादा यांचे. सिन्हा यांच्या वाट्याला त्याभोवतीची सजावट आली. म्हणून ते काम गौण ठरले नाही. गृहस्थाश्रम तरी दुसरे काय आहे? कुल, देह, आप्त, काळ यांच्या रेषा आपण आखलेल्या नसतात. त्यांत रंग कोणता भरावा, एवढेच आपल्या हाती असते.

दुसरा आक्षेप असा की, यात काळ व्यर्थ जातो. यावर अनुभवी लोक सांगतात की, याने मन निवते. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८४ विद्यार्थ्यांना आधी चिंता उत्पन्न होईल असे लेखन करावयास लावून मग रंगकामास बसविले. ज्यांनी मंडलाकृती किंवा चौकड्यांचा नमुना रंगविला, त्यांची चिंता कोऱ्या कागदावर रंगविणाऱ्यांपेक्षा अधिक उतरली. हे समजण्यासारखे आहे. कोरा कागद क्षणोक्षणी ‘आता काय?’ असे विचारतो. आखलेली आकृती तसे विचारीत नाही. सैरावैरा धावणाऱ्या मनाला बसावयास एक लहानसा पाट मिळतो.

तथापि खरा प्रश्न येथेच उभा राहतो. मन निवले म्हणजे ते शुद्ध झाले, असे नव्हे. निद्रेनेही मन निवते, आणि आळसानेही. गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत; त्यांतील तामस सुख निद्रा, आळस आणि प्रमाद यांतून उपजते. सात्त्विक शांती व तामस स्वस्थता बाहेरून सारख्याच दिसतात. मग त्या ओळखाव्या कशा?

पुन्हा कांचघरच्या त्या घरात जाऊ. एका रात्री कमळाची शेवटची पाकळी रंगवावयाची राहिली आहे. शेजारच्या खोलीतून हाक येते, “अरे, थोडे पाणी दे रे.” गृहस्थ म्हणतात, “आलो हं, आई,” आणि पाकळी पुरी करतात. दुसरी हाक येते. ते उठतात तेव्हा कमळ पूर्ण झालेले असते. आईने मात्र स्वतःच हात लांबविल्यामुळे पेला कलंडून अंथरूण भिजलेले असते. ती काही बोलत नाही.

कालपर्यंत जे साधन होते, ते त्या क्षणी बंधन झाले. दोष पुस्तकाचा नव्हे, रंगांचाही नव्हे. पाकळी पुरी झालीच पाहिजे, या आसक्तीचा आहे. दारची रांगोळी पायाखाली पुसली जाणार, हे जाणूनच गृहिणी ती काढते. अपुरे राहिलेले चित्र ज्यास सोडवत नाही, त्याने तिच्याकडून हे शिकावे.

म्हणून निर्णय असा : सेवेने थकलेल्या जिवाने घटकाभर रंगात मन विसावले, तर त्यात लाज नाही. मर्यादित विश्रांती हीदेखील कर्तव्याचीच तयारी आहे. मात्र पहिल्या हाकेला पेन्सिल खाली ठेवता आली पाहिजे. ज्यास ती ठेवता येते, त्याचा छंद त्यास सेवेसाठी ताजा करतो. ज्यास येत नाही, त्यास तो सेवेपासून चोरून नेतो. ही कसोटी रंगकामापुरती नाही. वाचन, गायन, बागकाम, फार काय, जपाची माळ, यांनाही ती लागू आहे. प्रत्येक गृहस्थाने आपल्या प्रिय छंदाला ती लावून पाहावी. आणि पाहताना शेजारच्या खोलीचे दार उघडे ठेवावे.