आगकाड्यांची मौज : क्रीडा, व्यवसाय आणि कर्ता

एखाद्या व्यवसायसंस्थेने आपली ओळख खेळाच्या रूपात करून द्यावी, आपले काम म्हणजे जणू जत्रा किंवा बाहुल्यांचा खेळ आहे अशी मांडणी करावी, ही प्रथा संकेतस्थळांमुळे आज सर्वपरिचित झाली आहे. तिच्याविषयी बोलताना एकतर कल्पकतेची स्तुती होते, नाहीतर 'शेवटी ही जाहिरातच' असे म्हणून विषय मिटवला जातो. दोन्हींत मूळ प्रश्न निसटतो : हेतू बाजारी असताना क्रीडा ही क्रीडा राहते काय, आणि राहत असेल तर ती कोणाची?

नाशिकपुरता तरी हा प्रश्न जुना आहे. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) नंतर दादासाहेब फाळके यांनी संसार आणि चित्रनिर्मिती दोन्ही नाशिकला आणली. पहिल्या महायुद्धाच्या काळात भांडवल आणि कच्ची फिल्म यांची टंचाई असताना त्यांनी काही लघुपट केले. त्यांपैकी 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात निर्जीव काड्यांना गती दिलेली होती. 'चित्रपट कसे तयार करतात' (१९१७) यात स्वतःच्या धंद्याचीच ओळख होती आणि खुद्द फाळके त्यात पडद्यावर येतात. एकात कंपनी खेळते, दुसऱ्यात खेळ कसा होतो ते सांगते.

हॉयझिंगाने 'होमो लुडेन्स'मध्ये (१९३८) क्रीडेला भौतिक लाभापासून अलग ठेवले आहे. हा निकष फाळक्यांना लावून पाहावा. एकेक चौकट टिपून वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी १९१२ च्या सुमारास पडद्यावर दाखवली, ती भांडवल मिळावे म्हणून. म्हणजे ही क्रीडा जन्मतःच सावकाराच्या नजरेसमोर उभी आहे. तरीही अंकुर डोळ्यांदेखत वाढताना पाहण्यातले नवल त्यामुळे रतीभरही उणे होत नाही. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमधला जो ताण दाखवला आहे, तो येथे एकाच कृतीत नांदतो. तेव्हा केवळ हेतूच्या अशुद्धतेवरून क्रीडा खोटी ठरवणे मला उतावळेपणाचे वाटते.

खरी अडचण हेतूची नाही, श्रमाची आहे. सेकंदाला सोळा चौकटी धरल्या तर मिनिटभराच्या मौजेसाठी काड्या नऊशे साठ वेळा हलवाव्या लागतात. प्रेक्षकाची मौज ही या हाताच्या चिकाटीतून उतरलेली असते. यावर कोणी म्हणेल की त्या हातालाही खेळाचा आनंद असतोच. फाळक्यांच्या बाबतीत हे मान्य करावे लागेल. ते जादूचे प्रयोग करीत आणि त्यासाठी त्यांनी स्वतःचे आडनाव उलटे वाचून 'प्रोफेसर केळफा' हे नाव घेतले होते. ज्याने नियम स्वतः निवडला आणि ज्याला तो मोडता येतो, त्याचे कष्टही खेळात जमा होतात. पण सरस्वतीबाई फाळक्यांचे काय? त्या सगळ्या कंपनीचा स्वयंपाक करीत, फिल्मला छिद्रे पाडीत, रसायने कालवीत, चित्रीकरणात प्रकाश परावर्तित व्हावा म्हणून उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत. यातले किती त्यांनी निवडले होते?

येथे जादूगार आणि कारखानदार यांत भेद करावा लागतो. जादूगार युक्ती लपवतो, पण युक्ती आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते, आणि म्हणून ते लपवणे निष्पाप असते. 'आगकाड्यांची मौज' या न्यायाने निर्दोष आहे. 'आम्ही काम कसे करतो ते पाहा' असे म्हणणारा मात्र पडदा दूर केल्याचा दावा करतो, आणि तेथे जे वगळले जाईल त्याची जबाबदारी त्याच्यावर येते. कर्मचाऱ्यांना हसऱ्या व्यंगचित्रांच्या रूपात मांडणाऱ्या आजच्या कंपनीला हाच निकष कठोरपणे लावावा. तिने खुशाल परीकथा सांगावी, पण परीकथेला 'आमची ओळख' म्हणताना विचार करावा.

'चित्रपट कसे तयार करतात' या शीर्षकात कर्ता नाही. 'असे म्हणतात' मधल्याप्रमाणे 'करतात' हे क्रियापद अनामिक बहुवचनावर चालते, आणि मराठीला हे इतके सवयीचे आहे की कोण करतात, असे विचारावेसेही वाटत नाही. पडद्यावर मात्र त्या बहुवचनाला चेहरा लाभतो तो प्रामुख्याने फाळक्यांचा. ते स्वतः कॅमेऱ्यासमोर काम करताना दिसतात त्या क्षणी कॅमेऱ्याचा दांडा दुसरे कोणीतरी फिरवत आहे.