जमा-पावती

खंडेनवमीला आमच्या घरी देवघरासमोर पाट मांडला जायचा. त्यावर विळा, कुऱ्हाड, वखराची पास आणि मधोमध आजोबांच्या वेळची दुनाळी बंदूक. आई दस्त्याला हळदीकुंकू लावायची, वर झेंडूचं फूल ठेवायची. संध्याकाळी बाबा फूल उचलून दोन्ही नळ्यांमधून तेलाची चिंधी फिरवायचे. त्या तेलाच्या वासाशिवाय दसरा आला असं मला वाटत नसे.

बाबा गेले त्या वर्षी आईनं पाटावर बंदूक ठेवली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुये बाबा होते तवा गोष्ट येगळी होती. आता हे कोनाच्या नावावर हाय?"

पुसद तालुक्यातल्या एका गावातल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या बाईनं कायद्याच्या नेमक्या जागेवर बोट ठेवलं होतं. शेत वारसांना मिळतं, घर मिळतं, बैलजोडीही मिळते. शस्त्रपरवाना मात्र त्या एका माणसाचा असतो. ज्या दिवशी बाबा गेले, त्या दिवसापासून कोठीतली बंदूक परवान्याविना पडून होती, आणि आम्ही तेरवीच्या धावपळीत होतो. कुणाचा काही वाईट हेतू नव्हता. पण असं शस्त्र घरात असणं हा गुन्हा आहे, आणि ते तसं असावं यात मला काही गैर दिसत नाही. गैर दिसतं ते एवढंच, की हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमात अशा घरांसाठी वाट आहे. कलम २१ म्हणतं, शस्त्र बाळगणं कायदेशीर राहिलं नाही की विनाकारण उशीर न करता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं. जमा केलं म्हणजे गमावलं असं नाही. ठरलेल्या मुदतीत वारसाला स्वतःच्या नावावर परवाना मिळाला तर ते परत घेता येतं, किंवा परवाना असलेल्या दुसऱ्या माणसाला विकून पैसे घेता येतात. मुदत उलटली तर मात्र जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशानं ते सरकारजमा होतं. हयात परवानाधारकाला आपलं शस्त्र विकायचं असेल, तर कलम ५ नुसार त्यानं जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला आधी लेखी कळवायचं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा आणि ४५ दिवस थांबायचं.

हे ४५ दिवस अनेकांना जाच वाटतात. मला ते कायद्यातलं सगळ्यात शहाणं वाक्य वाटतं. बैलाच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो आणि दावं त्याच क्षणी हातात येतं. बंदुकीचा सौदा तसा होता कामा नये. घेणारा कोण आहे, त्याचा परवाना खरा आहे का, त्याच्यावर गुन्हे आहेत का, हे पाहायला कुणाला तरी वेळ मिळायला हवा. ओळखीच्या माणसाला, चार पैसे जास्त मिळतात म्हणून, कागदाविना दिलेली बंदूक पुढे कुणाच्या हातात जाईल हे देणाऱ्याला कधीच कळत नाही.

आमचं कसं झालं ते सांगतो. ठाण्यात आधी लेखी कळवलं आणि बंदूक कशी आणायची हेही त्यांनाच विचारलं, कारण परवानाधारकच राहिला नव्हता तर ती घेऊन मी रस्त्यानं जाणार कोणत्या अधिकारानं? एक हवालदार घरी आले. त्यांनी कोठीतच खटका दाबून नळ्या खाली पाडल्या, उजेडाकडे धरून दोन्ही रिकाम्या असल्याची खात्री केली आणि मगच बंदूक अंगणात आणली. नळीवरचा क्रमांक परवान्याच्या वहीशी ताडून पाहिला. एक आकडा गंजात बुजला होता, तो त्यांनी रॉकेलच्या बोळ्यानं घासून काढला. मग विचारलं, "काडतुसं?" ती मी विसरलोच होतो. आईनं माळ्यावरून डालड्याचा जुना डबा काढला. आत अकरा काडतुसं, कागदी कवचं ओलीनं फुगलेली, पितळेवर हिरवा थर. एकेक मोजून त्यांचीही नोंद झाली. जमा-पावतीवर बंदुकीचा क्रमांक, काडतुसांची संख्या, तारीख आणि शिक्का.

इथपर्यंत सोपं होतं. पुढे वारस दाखला, दोन्ही बहिणींचं ना हरकत प्रतिज्ञापत्र, बाबांच्या मृत्यूचा दाखला, मूळ परवाना असं सगळं गोळा करून एका कार्यालयात चार खेपा झाल्या. दर खेपेला एक नवा कागद निघायचा. पहिल्याच दिवशी पूर्ण यादी हातात दिली असती तर एका खेपेत काम झालं असतं. माझ्याकडे मोटारसायकल आहे. उमरखेड किंवा झरी-जामणीच्या आतल्या एखाद्या गावातल्या विधवा बाईनं काय करावं? ती एक खेप करेल, दुसरी करेल, आणि मग बंदूक गोधड्यांच्या खाली सरकवून ठेवेल. खरी भीती मला त्या गोधड्यांखालच्या बंदुकीची आहे. ज्या जिल्ह्यात कर्जानं आणि नापिकीनं इतक्या घरांतला कर्ता माणूस गेला, तिथे खचलेल्या माणसाच्या हाताशी असं साधन असू नये, असं मला मनापासून वाटतं.

बंदुकीचा उपयोग होता, हे मी नाकारत नाही. कायद्यानंही तो मानला आहे: पीकरक्षणासाठी भरमार बंदूक, आणि तिनं भागत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, असं कलम १३ मध्येच आहे. तुरीत रानडुकरं आणि ज्वारीत रोही शिरले की जागलीवरून बाबा हवेत एक बार काढायचे आणि कळप पांगायचा. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर बंदूक हळूहळू आवाजापुरती उरली, आणि आता शेताशेतात झटका मशीन आलं आहे. आमच्या घरी शेवटची पंधरा वर्षं तिनं फक्त खंडेनवमीचा पाट पाहिला.

तरी ती सोडवत नाही, त्याचं कारण इतिहासात आहे. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्यानं हिंदी माणसाच्या हातातलं शस्त्र काढून घेतलं, तो अपमान आपण विसरलो नाही. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. म्हणून परवाना ही प्रतिष्ठा झाली, आणि बंदूक देऊन टाकणं म्हणजे घराण्याची उंची कमी करणं. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १० जुलै १९३० रोजी, लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला तो गवत कापून. ज्या पाटावर आमची दुनाळी असायची त्याच पाटावर विळाही असायचा. आमच्या भागाला अभिमान मिरवायचा असेल तर तो त्या विळ्याचा मिरवता येतो.

१९९६ मध्ये पोर्ट आर्थरच्या हत्याकांडानंतर ऑस्ट्रेलियानं लोकांकडून साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. आपल्याकडे डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि तिसरी वर्षभरात जमा करायला सांगितली. मोबदला काही नाही. मी मोबदल्याचा आग्रह धरत नाही. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद होते तेव्हाच "घरात परवान्याचं शस्त्र आहे का?" हा एक प्रश्न विचारला जावा. वारसाला लागणाऱ्या कागदांची मराठी यादी ठाण्याच्या भिंतीवर लागावी. महिन्यातला एक दिवस प्रत्येक तालुक्यात फक्त याच कामासाठी असावा. निवडणूक आली की हीच यंत्रणा जिल्हाभरातली परवान्याची शस्त्रं थोड्या दिवसांत जमा करून घेते आणि निकालानंतर परतही करते. म्हणजे हे तिच्या आवाक्याबाहेरचं नाही.

आमची बंदूक अखेर परवाना असलेल्या एका शेतकऱ्यानं घेतली. आलेली रक्कम फार नव्हती. आईनं ती दोन्ही बहिणींत वाटली. माझ्याकडे जमा-पावतीची झेरॉक्स आणि परवान्याच्या वहीच्या पहिल्या पानाची छायाप्रत राहिली, बाबांच्या तरुणपणीच्या फोटोसकट.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या काकू आल्या. ओट्यावर बसून आधी कापसाच्या भावाचं, मग नातवाचं बोलल्या. उठता उठता आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाबू, तुमी ते बंदुकीचं कसं केलं? आमच्या घरी ह्यायची हाय, कपाटामांगं. सहा वर्सं झाले." मी कागदांची यादी लिहून दिली. बंदुकीला हात लावू नका, लेकरांना त्या खोलीत जाऊ देऊ नका, असं सांगितलं. सोमवारी त्यांच्यासोबत ठाण्यात जायचं आहे.