संघनिष्ठा आणि अफवा

अमका सायकलपटू संघ सोडून तमक्याकडे जाणार, एवढी कुणकुण लागताच आमच्या बुधवाऱ्यातील क्रीडारसिकही त्यास कृतघ्न ठरवून मोकळे होतात. ऐकीव पुराव्यावर फाशी! फ्रान्सच्या महाशर्यतीत 1930 ते 1961 राष्ट्रांचे संघ धावत. आज पगार देणाऱ्यांचे धावतात. पोगाचार अमिरातीच्या संघाचा, तथापि 2024 साली विश्वविजेता झाला तो स्लोव्हेनियाच्या पोशाखात. क्रिकेटात सांगलीच्या विजय हजाऱ्यांनी 1939-40 मध्ये महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धावा काढल्या. 1947 साली बडोद्यासाठीच गुल महंमदांसह 577 ची भागी रचली. त्यांस परके म्हणावे काय? मुदत पुरी करून जाणारा आमच्या मते निर्दोष. करार जिवंत असता चोरून बोलणी लावणाऱ्या धन्यास मात्र कोणी जाब विचारीत नाही.