बैठकीतली भिंत

रेणापूरच्या एका माळकऱ्याच्या घरी ५५ इंची टीव्ही घ्यायचे ठरले. हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे. रुंदी सुमारे ४ फूट. बैठकीत तेवढी भिंत एकच, आणि तिच्यावर पांडुरंगाची तसबीर. लेक म्हणाला, "आबा, तुमचे गुडघे गेले. आषाढीची महापूजा आता यातच बघा." आबा गप्प.

आम्हांस विचारले तेव्हा आम्हीही घुटमळलो. २०२० साली पायी वारी राहिली, पादुका एस. टी.ने पंढरीस गेल्या, तेव्हा आम्ही टीव्हीपुढेच हात जोडले. डोळे भरून आले, ते खोटे कसे म्हणावे? परंतु महापूजा संपली न संपली तोच साबणाची जाहिरात लागली, अन् आमचे हात जोडलेलेच! तसबीर असे करीत नाही. घरात पाऊल टाकताच नजर कोठे जावी, एवढाच प्रश्न आहे. ३२ इंची घ्या, खिडकीशेजारी मावेल, असे आम्ही सुचविले. पण लेकाने विसार देऊन टाकला होता.